चार ठिपक्यांचं पातं

लोक दुकानात येतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात, “ताई, गवत कापायच्या ट्रॅक्टरचं पातं किती दिवस टिकतं?” मी म्हणते, आधी मला सांगा, तुमच्या आवारात दगड किती आहेत? मग त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. दगड कोण मोजतं! मऊ माती असेल तर एक धार वीस-पंचवीस तास जाते. रेताड जमीन असली की पंधरा तासांतच पातं गवत कापायचं सोडून उपटायला लागतं. मग काढा, ग्राइंडरवर धरा, तोल बघा, परत बसवा. असं किती वेळा करायचं आणि पातं भंगारात कधी टाकायचं, ह्यावर आमच्या घरात दोन पक्ष होते. एका पक्षात मी आणि दुसऱ्यात माझे सासरे.

माझा राग नाकावर असतो, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का नको. सासरे म्हणतात, “सूनबाईला काडी लागत नाही, ती आपली आपण पेटते.” म्हणू देत. दुकान त्यांचंच. घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मागच्या अंगणात ट्रॅक्टर, आणि मधल्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. चाळीस वर्षं त्यांनी गवत कापायची यंत्रं दुरुस्त केली. गुडघे गेले तेव्हा पान्हा माझ्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीत बसून मला शिकवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला साधा स्क्रू सरळ पिळता येत नव्हता. आज इंजिनाच्या आवाजावरून मी सांगते की हवेची जाळी तुंबलीय. हे सगळं त्यांचं देणं आहे, मी कधी नाकारलेलं नाही. पण पात्यांच्या बाबतीत मात्र आमचं पटत नसे.

माझी पद्धत अशी. पात्याला एकदा धार लावली की मधल्या भोकाजवळ पंच, म्हणजे खुणेचा टोकदार पोलादी खिळा, ठेवून हातोडीचा एक ठोका द्यायचा. एक धार, एक ठिपका. पाचव्या ठिपक्याची धार गेली की पातं भंगारात, मग ते कितीही चकचकीत दिसो. ह्यात डोकं चालवायला नको आणि वादही नको. रात्री झोपेत विचारलंत तरी सांगेन.

सासऱ्यांची पद्धत म्हणजे अंगठा. पात्याची मागची कड वर वळवलेली असते, आम्ही तिला कान म्हणतो. पातं फिरलं की हा कान वारा ओढतो, गवताला उभं करतो, आणि मग धार ते कापते. झिजतो तो कानच. रेती उडते, ती त्या वळणापाशी घासत राहते आणि तिथे बारीक चर पडतो. चर खोल गेला की एक दिवस कान तुटतो. तुटला की तो जमिनीवर पडत नाही. पातं मिनिटाला तीन हजार फेरे मारत असतं, त्या वेगाने लोखंडाचा तुकडा सुटतो आणि समोर जे येईल त्यात घुसतो. म्हणून सासरे पातं हातात घेतलं की डोळे मिटायचे, त्या वळणावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, “अजून आहे ह्यात जीव,” किंवा, “ह्याचे दिवस भरलेत.”

आता मला सांगा, गिऱ्हाइकाला काय सांगू मी? माझ्या सासऱ्यांच्या अंगठ्याने निकाल दिलाय?

तर एका संध्याकाळी मी आमच्याच ट्रॅक्टरच्या पात्यांना धार लावली. ट्रॅक्टर माझे मिस्टर चालवतात. शाळेचं मैदान, दवाखान्याचं आवार, असली कामं त्यांच्याकडे असतात. गल्लीत त्यांना सगळे शांतोबा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. घराला आग लागली तरी हा माणूस आधी चपला शोधेल. दुसऱ्या दिवशी शाळेचं मैदान कापायचं होतं, कारण त्याच्या पुढच्या दिवशी मुलांच्या शर्यती होत्या. मी दोन्ही पाती काढली, घासली, धार लावली. प्रत्येकावर तीन ठिपके होते, मी चौथा मारला.

सासरे खुर्चीत बसलेले. म्हणाले, “आण बघू इकडे.”

मी दिलं. त्यांनी डोळे मिटले, अंगठा फिरवला. मग परत फिरवला. तिसऱ्यांदा फिरवला तेव्हा माझा संयम सुटत चालला होता, कारण आत गॅसवर भाजी होती.

“सूनबाई, हे टाक. कान पातळ लागतोय.”

“बाबा, चार ठिपके आहेत. अजून एक धार जाते.”

“ठिपके असू देत. मला पातळ लागतोय.”

“दवाखान्याच्या मऊ मातीवर चाललंय ते बरेच दिवस. पातळ कसा होईल?”

“बघ तूच हात लावून.”

मी हात लावला. मला काही वेगळं जाणवलं नाही. दिवसभर ग्राइंडर धरून माझी बोटं बधिर झालेली, मला त्या वेळी विंचू चावला तरी कळलं नसतं. पण हे मी आज म्हणतेय. तेव्हा माझं तोंड सुटलं.

“बाबा, चाळीस वर्षं ग्रीसमध्ये बुडवलेला अंगठा तो. त्याला आता काय कळतंय जाड आणि पातळ? पात्याचे नाही, तुमच्या अंगठ्याचे दिवस भरलेत!”

बोलून गेले आणि लगेच कळलं की हे जास्त झालं. पण शब्द मागे घ्यायची सवय मला नाही, कुठून असणार. सासऱ्यांनी पातं हळूच टेबलावर ठेवलं. अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला आणि उठून आत गेले. रात्री ताटावर बसले ते नावाला. मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी भांडी घासायला लागले. पाती मी जेवायच्या आधीच ट्रॅक्टरला बसवून टाकली होती, चांगली कचकचून. माझं खरं आहे हे मला माहीत होतं आणि तेवढ्यावर मी झोपले.

सकाळी सात वाजता सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे. “ग्रीस संपलंय. ह्याला आठला निघायचंय. डबा आणतेस?”

एरवी मी म्हटलं असतं, काल सांगायला काय झालं होतं! पण आदल्या दिवशीचं मनात डाचत होतं, म्हणून मुकाट्याने पिशवी घेतली आणि गेले. ग्रीसवाल्या दुकानदाराने शटर उघडलं साडेआठला. तोपर्यंत मी पायरीवर बसून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. परत आले तर ट्रॅक्टर गेलेला, आमची लेक चिंगीही शाळेत गेलेली, आणि सासरे खुर्चीत बसलेले. हाताला साबणाचा वास.

“ग्रीस न लावताच गेले?” मी विचारलं.

“होतं थोडं तळाला. भागवलं.”

“मग मला कशाला पळवलंत? आणि हात काय एवढे धुतलेत सकाळी सकाळी?”

“म्हाताऱ्याने हात धुवू नयेत का?” असं म्हणून ते आत जाऊन आडवे झाले. मी ग्रीसचा डबा टेबलावर आपटला आणि कामाला लागले. कधी निघाले ते विचारलंही नाही. निघायला नऊ वाजले होते हे मला नंतर कळलं.

दहा वाजून पाच मिनिटांनी समोरच्या दुकानातले कुलूपवाले भाऊ आले. सज्जन माणूस, पण एकही वस्तू विकत घेणार नाही. आमची निम्मी हत्यारं त्यांच्याकडे पाहुणी असतात.

“वहिनी, तुमचा तो पंच द्या ना जरा.”

“जरा म्हणजे किती? मागच्या वेळी जरा म्हणून नेलात आणि पंधरा दिवस ठेवलात.”

“अहो, सुट्टीवर गेलो होतो.”

“तुम्ही सुट्टीवर आणि पंच तुमच्या कुलपात! माझी इथे पंचाईत झाली. दोनदा धार लावली ह्यांच्या पात्यांना, तर ठिपका मारायला पंच नाही. शेवटी खडूने…”

आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

खडूने. पंच नव्हता म्हणून मी पात्यांवर खडूने ठिपके केले होते. एकदा एक, नंतर दुसरा. म्हटलं होतं, पंच आला की ठोकू. पंच आला तेव्हा चिंगी तापाने फणफणली होती, तीन रात्री मी तिच्या उशाशी होते, आणि खडू काय, पहिल्या ओल्या गवतातच धुऊन गेला असणार. त्या पंधरवड्यात शाळेचं रेताड मैदानही दोनदा कापून झालं होतं. म्हणजे त्या पात्यांवर ठिपके चार दिसत होते, पण धारा झाल्या होत्या सहा. माझ्याच नियमाने ती केव्हाच भंगारात जायला हवी होती. आणि ती मी स्वतःच्या हाताने कचकचून बसवली होती.

“काय झालं वहिनी?” भाऊ विचारत होते. मी फोन उचलला. मिस्टरांचा फोन वाजत राहिला. वाजणारच, त्यांच्या कानांवर आवाज अडवणारं ते जाड झाकण आणि फोन डब्याच्या पिशवीत. शाळेच्या ऑफिसात लावला, तिथेही कुणी उचलेना. भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून आठ मिनिटं दाखवत होतं. साडेदहाला मधली सुट्टी होते, आणि सुट्टी झाली की चारशे पोरं त्या मैदानाच्या कडेला येऊन उभी राहतात, कारण ट्रॅक्टर बघायला कुणाला आवडत नाही? एरवी हे सुट्टीच्या आत कापून मोकळे होतात. आज माझ्या ग्रीसपायी उशिरा निघाले असणार.

स्कूटर काढली. भाऊंना म्हटलं, “दुकान बघा,” आणि सुटले.

वाटेत काय काय मनात आलं ते सांगवत नाही. मिस्टर दिसत होते, त्यांचा तो शांत चेहरा, आणि खाली फिरणारं पातं. मला सासऱ्यांचा आवाज ऐकू येत होता, मला पातळ लागतोय, मला पातळ लागतोय. तीन वेळा फिरवला होता त्यांनी अंगठा. तीन वेळा! आणि मी म्हटलं काय, तर तुमचे दिवस भरलेत. देवा, म्हटलं, आजचा दिवस निभावून ने. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. देवालाही माहीत असणार की हे काही खरं नाही, पण त्या वेळी मी अगदी मनापासून म्हणत होते.

दारावर रखवालदाराने वही पुढे केली. “ताई, नाव, वेळ आणि सही.”

“सही गेली खड्ड्यात!” मी ओरडले आणि आत शिरले.

ट्रॅक्टर चालू होता. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, वर्गांच्या बाजूने, अगदी व्हरांड्याला लागून जात होता. कापलेलं गवत बाजूने उडत होतं. आणि तेवढ्यात घंटा झाली. दारं उघडली आणि पोरं धो धो बाहेर आली.

मी धावले. मी शेवटची कधी धावले होते ते मला आठवत नाही, माझ्या वजनाला ते शोभतही नाही. कमरेचा एप्रन सोडला आणि डोक्यावर फिरवत धावले. “थांबा! अहो, थांबा!” पोरांना वाटलं शर्यत आजच सुरू झाली. ती टाळ्या पिटायला लागली. मी सरळ ट्रॅक्टरच्या समोर जाऊन उभी राहिले.

मिस्टरांनी ब्रेक मारला, पाती बंद केली, कानांवरची झाकणं गळ्यात ओढली. “अगं, काय झालं? बाबा बरे आहेत ना?”

“उतरा! आधी उतरा खाली!”

ते उतरले. इंजिन थांबलं. मी गवतात उताणी पडले आणि डोकं ट्रॅक्टरखाली घातलं. तिथे अंधार होता, ओल्या गवताचा वास होता. हाताने पात्यावरचा चिकटलेला हिरवा थर पुसला. मधलं भोक सापडलं. त्याच्या आजूबाजूला बोट फिरवलं, एकदा, दोनदा. एकही ठिपका नव्हता. अजून पुसलं तर कारखान्याचा निळा रंग दिसला. कान जाडजूड, कड अशी की बोट कापेल. दुसरं पातं पुसलं. तेही कोरं करकरीत.

मला काही कळेना. मी तशीच पडून विचारलं, “ही पाती कुणी बसवली?”

मी डोकं बाहेर काढलं. मिस्टर कान खाजवत होते.

“बाबांनी सांगितलं होतं, तुला सांगायचं नाही.”

“काय सांगायचं नाही?”

“सकाळी तू ग्रीस आणायला गेलीस तेव्हा बदलली. मी खाली झोपून काढली, त्यांनी फळीवरची नवी जोडी दिली. बोल्ट मात्र त्यांनीच आवळले. म्हणाले, हे मला करू दे. गुडघे टेकून बसले होते गं खाली, उठवताना मला दोन्ही हात लावावे लागले.”

“आणि ग्रीस?”

“ग्रीसचा डबा भरलेलाच आहे. पलंगाखाली लपवलाय.”

माझा जीव भांड्यात पडला. असा पडला की मला उठताच येईना. मी तिथेच गवतात बसले आणि रडायला लागले, आणि रडता रडता हसू यायला लागलं. मग मी त्यांच्या गळ्यातली कानांची झाकणं ओढून त्यांच्याच दंडावर चार दणके दिले. “मला सांगायचं नाही? मला? मी इथे अर्धी मेले!” ते म्हणाले, “अगं लोक बघतायत.” व्हरांड्यात चारशे पोरं हसत होती आणि त्यांच्यामध्ये आमची चिंगी खांबामागे लपायचा प्रयत्न करत होती. घरी आल्यावर ती माझ्याशी तासभर बोलली नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही. धडधाकट होती, रुसलेली होती, अजून काय पाहिजे.

जाताना रखवालदाराच्या वहीत नाव, वेळ, सही, सगळं नीट लिहिलं.

घरी आले तर कुलूपवाले भाऊ दुकानात आणि सासरे खुर्चीत. भाऊंनी त्यांना मी कशी निघाले ते रंगवून सांगितलेलं दिसलं, कारण सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला बघून ते अर्धे उठले. “बरा आहे ना तो?”

“बरे आहेत. मैदान कापून येतायत. सगळे बरे आहेत.”

ते खाली बसले. भाऊंना कळलं की इथे घरातलं बोलणं आहे. ते निघून गेले, पंच न घेता.

मी विचारलं, “जुनी पाती कुठे आहेत?”

“पलंगाखाली, ग्रीसच्या डब्याशेजारी. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलीत.”

मी आणून टेबलावर ठेवली. मग एवढा वेळ दाबून ठेवलेला राग आला, आणि तो आला याचं मला बरंच वाटलं. “बाबा, कळलं होतं तुम्हाला तर माझ्याशी भांडायचं ना! दोन थोबाडीत द्यायच्या होत्या. मला ग्रीस आणायला कशाला पाठवलंत? लपवाछपवी कशाला?”

सासरे अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “खात्री असती तर भांडलो असतो.”

“म्हणजे?”

“आधी पातळ लागला. मग नाही लागला. मग परत लागला. हल्ली असंच होतं, सूनबाई. सकाळी शर्टाचं बटण लागत नाही मला, बोटांना कळतच नाही. वर्ष झालं असेल. तुला सांगितलं नाही. तू काल बोललीस ना, ते मी स्वतःशी रोज बोलत होतो.” त्यांनी अंगठा मुठीत धरला. “तू चार ठिपके म्हणालीस, तुझी खात्री होती. माझी नव्हती. पण तो माझा पोरगा आहे, आणि तिथे पोरं असतात. खात्री नाही म्हटल्यावर पातं ठेवायचं कशाला? नव्या जोडीचे पैसे गेले तर गेले. म्हातारा उगाच घाबरला म्हणून तू ओरडली असतीस, तेही चाललं असतं.”

मी त्यांना खडूचं सांगितलं. पंच, कुलूपवाले भाऊ, चिंगीचा ताप, चाराच्या जागी सहा. काही लपवलं नाही. ते ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, “बघूया?”

मी पातं टेबलाला जोडलेल्या शिकंज्यात धरलं आणि दांडा फिरवून घट्ट आवळलं. कान दाराच्या बाजूला केला. दार ओढून घेतलं, पत्र्याचं आहे ते. सासऱ्यांना खुर्चीसकट मागे सरकवलं. मग हातोडी घेतली. मोठी नव्हे, तीच छोटी, ठिपके मारायची. कानाच्या टोकावर एक ठोका दिला. फार जोर लावला नव्हता, खरंच सांगते, खिळा ठोकताना ह्याहून जास्त लावते.

टण्णकन आवाज झाला आणि कान गेला. पत्र्याच्या दाराला खाडकन लागला आणि फरशीवर फिरत फिरत येऊन सासऱ्यांच्या पायाशी थांबला. दाराला पोचा आला, नखाएवढा खोल. तो अजून आहे, मी दाखवते लोकांना.

दोघंही त्या तुकड्याकडे बघत होतो. हातोडीच्या एका ठोक्याने हे, आणि तिथे ते तीन हजार फेरे. सासऱ्यांनी वाकून तो उचलला, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. कड कागदासारखी पातळ होती. त्यांनी डोळे मिटले होते, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

“लागत होता मला,” ते म्हणाले. “सूनबाई, खरंच लागत होता.”

“हो बाबा.”

“अजून कळतं मला.”

“कळतं. तुम्हालाच कळलं.” मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसले. “चुकले मी. काल जे बोलले ते मला बोलायला नको होतं. आणि पात्यांचंही मीच चुकले.” लग्नात मंगलाष्टकं चालू असतानासुद्धा मी एवढी शांत उभी राहिले नव्हते, पण ही वाक्यं सलग, नीट पूर्ण म्हटली.

त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला. मग माझ्या हातातली हातोडी घेऊन टेबलावर ठेवली, जागच्या जागी, पंचाशेजारी. “ठिपके बंद करू नकोस,” ते म्हणाले. “ठिपके चांगले आहेत. फक्त तो पंच कुणाला देऊ नकोस.”

“भाऊ आलेच तर तंगडं मोडते त्यांचं.”

“आणि धार लागली की पातं आधी माझ्याकडे आण. मला कळलं नाही तर सांगेन, कळलं नाही म्हणून.”

“आणि तेव्हा?”

“तेव्हा नवं घालायचं.”

मी मान हलवली. दाराबाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. मिस्टर आले होते, अंगभर गवताच्या काड्या, चेहरा नेहमीसारखा शांत. त्यांनी दाराचा पोचा बघितला, तुटलेलं पातं बघितलं, बापाच्या हातातला तुकडा बघितला, आणि त्यांचा तो शांत चेहरा पहिल्यांदा जरा उतरला. बापाजवळ जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हाताऱ्याने त्यांचं मनगट घट्ट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

मग सासरे माझ्याकडे वळून म्हणाले, “काही आहे का गं खायला? काल रात्रीपासून धड जेवलो नाही मी. भूक लागलीय.”

मी उठले. कालचीच भाजी गरम केली, ताट वाढलं, त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी दोनदा मागून घेतलं.